‘इको’ वसाहतीत राहून फूटप्रिंट नक्की किती घटतो? आकडेमोडीचा धागा

मुरूम (धागाकर्ता)

शहराबाहेर दहा-वीस एकरांवर उभ्या राहणाऱ्या शाश्वत वसाहतींच्या माहितीपत्रकांत ‘कार्बन न्यूट्रल’ हा शब्द हल्ली पार्किंगइतकाच हमखास असतो. हिशेब मागितला की सोलर पॅनेल आणि गांडूळखताचा फोटो येतो. म्हणून हा धागा. इथे तत्त्वज्ञान नको, आकडे हवेत.

सुरुवात लंडनच्या दक्षिणेला असलेल्या बेडझेड या इको वसाहतीपासून करू. २००२ मध्ये लोक राहायला आले, घरं शंभराच्या आसपास. वास्तुरचना बिल डन्स्टर यांची, सोबत पीबडी ट्रस्ट ही गृहनिर्माण संस्था आणि बायोरीजनल ही पर्यावरण संस्था. या लोकांचं कौतुक अशासाठी की त्यांनी पुढे मोजलं आणि पडलेले आकडेही छापले. २००७ च्या मोजणीत घरातली वीज त्या भागाच्या सरासरीपेक्षा ४५ टक्के कमी निघाली आणि उष्णता ८१ टक्के कमी. इतकं होऊनही सरासरी रहिवाशाचा फूटप्रिंट, म्हणजे त्याच्या राहणीला लागणारी उपजाऊ जमीन आणि पाणी, आला ४.६७ ग्लोबल हेक्टर (जगातल्या सरासरी उपजाऊपणाची हेक्टर). म्हणजे सगळं जग तसं राहिलं तर २.६ पृथ्व्या लागतील.

असं का? भिंत कितीही जाड केली तरी घर हा माणसाच्या फूटप्रिंटचा एक तुकडा. अन्न, प्रवास, खरेदी, सरकारी सेवा, रस्ते, रुग्णालयं हे सगळं कुंपणाबाहेर घडतं आणि तरी आपल्याच खात्यावर पडतं. स्कॉटलंडच्या फाइंडहॉर्न या इकोव्हिलेजचा आकडा याहून बराच चांगला, माणशी २.७१ ग्लोबल हेक्टर, ब्रिटनच्या तेव्हाच्या सरासरीच्या साधारण निम्मा. तिथे लोक एकत्र जेवतात, मोटारी फार कमी चालवतात, पवनचक्क्या स्वतःच्या आहेत. पण विमानप्रवासात तेही मार खातात.

भारताची सरासरी १.२ ग्लोबल हेक्टरच्या आसपास आहे. ज्याला शेतघर परवडतं तो या सरासरीत बसत नाही, हे आधीच कबूल करून टाकू.

तिरकस

थोडक्यात, कुंपणाच्या आत हिरवळ आणि धूर शेजाऱ्याच्या अंगणात. बरं, आपल्याकडे हिशेब मांडायचा तर गुणक कोणते धरायचे? इंटरनेटवरचे कॅल्क्युलेटर आमच्या वरणभाताला बीफच्या रकान्यात ढकलतात.

मुरूम

ग्लोबल हेक्टर घरच्या घरी काढायच्या भानगडीत पडू नका, त्यासाठी मोठी सारणी लागते. कार्बनवर थांबा, जागतिक फूटप्रिंटचा साधारण ६० टक्के भाग तोच आहे. कामचलाऊ गुणक असे:

ग्रिडची वीज १ युनिट = ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर = ४२ किलो. पाइपगॅस १ घनमीटर = २ किलो. पेट्रोल १ लिटर = २.३, डिझेल १ लिटर = २.७. जनरेटरची वीज युनिटला ०.८ च्या घरात, कारण लिटरभर डिझेलमध्ये जेमतेम सव्वातीन युनिट निघतात.

बारा महिन्यांची बिलं घ्या, एका महिन्यावरून वर्ष काढू नका. घरांची मीटरं आणि सोसायटीचं सामायिक मीटर दोन्ही धरा. पंप, लिफ्ट, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र), रस्त्यावरचे दिवे सामायिक मीटरवर असतात आणि नेमकं तेच बिल हिशेबातून गळतं.

आता खरी मेख: भागायचं कितीने? समजा ४० प्लॉट आहेत. माहितीपत्रक म्हणतं ४० × ४ = १६० रहिवासी. प्रत्यक्षात १५ घरांत माणशी तीन जण वर्षाचे ३३० दिवस राहतात, म्हणजे १४,८५० व्यक्ती-दिवस. उरलेल्या २५ घरांत तीन जण वर्षाकाठी ६० दिवस येतात, ते ४,५००. बेरीज १९,३५०, भागिले ३६५, म्हणजे पूर्णवेळ माणसं ५३. तोच धूर १६० ऐवजी ५३ जणांत वाटला की माणशी आकडा तिप्पट. वसाहतीचा कुठलाही आकडा बघण्याआधी हा भाजक विचारा.

चिरेबंदी

दुरुस्ती: ‘१५ घरांत माणशी तीन’ नाही, ‘घरटी तीन’.

आता बांधकाम. हा खर्च एकदाच होतो म्हणून लोक तो सोडून देतात. हजार चौरस फुटांचं आरसीसी घर धरा. चौरस फुटाला सिमेंटची ०.४ पोती, म्हणजे ४०० पोती. फ्लाय ॲश (कोळशाची राख) असलेलं पीपीसी सिमेंट वापरलं तर पोत्याला ३० किलोच्या आसपास कार्बन, एकूण १२ टन. ओपीसी (राख नसलेलं साधं सिमेंट) वापरलं तर पोत्याला ४३, म्हणजे १७ टन. सळई फुटाला साडेतीन किलो धरली तर साडेतीन टन लोखंड, किलोला अडीच किलो कार्बन, सुमारे ९ टन. विटा, टाइल्स, ॲल्युमिनियमच्या खिडक्या सोडून पीपीसीवरही २१ टन.

पन्नास वर्षांत वाटलं तर वर्षाला ४२० किलो. चार माणसं कायम राहत असतील तर माणशी शंभर किलो, किरकोळ. पण मुरूम यांच्या भाजकाने बघा: तीन माणसं ६० दिवस म्हणजे अर्धं माणूस. त्याच्या वाट्याला वर्षाला साडेआठशे किलो नुसत्या भिंती-स्लॅबचे. वीकेंडचं मातीचं घर हे कायम राहत्या सिमेंटच्या घरापेक्षा महाग पडू शकतं ते असं.

मुरूम

घरटी. बरोबर, घाईत लिहिलं.

ओसरी

मातीच्या दाबीव ब्लॉकबद्दल लिहा ना. जागेवरचीच माती वापरली तर किती वाचतं? आमच्या बाजूला सगळी काळी माती आहे.

चिरेबंदी

ओसरीताई, काळ्या मातीचे सिमेंट ब्लॉक करू नका. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, सिमेंट तिला धरून ठेवत नाही. चुन्याने स्थिर करता येते, पण प्रमाण प्रयोगशाळेत ठरवावं लागतं आणि चुना भाजतानाही कार्बन सुटतोच. दख्खनवर काळ्या थराखाली मुरूम लागतो, तो चाळून मिसळला तर काम होतं. कोकणात चिरा मिळत असताना ब्लॉक पाडायचा हट्ट मला तरी कळत नाही.

ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने सिमेंटच्या ब्लॉकसाठी दिलेलं मातीचं प्रमाण असं: खडी १५, वाळू ५०, पोयटा १५, चिकणमाती २० टक्के. आधी बाटलीची चाचणी करा. सरळ बुडाच्या काचेच्या बरणीत पाव भाग माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा अर्ध्या तासात, चिकणमातीला रात्र लागते. दुसऱ्या दिवशी पट्टीने थर मोजा. चिकणमातीचा थर फुगून बसतो म्हणून तो मनात थोडा कमी धरा.

२४ × २४ × ९ सेंटिमीटरचा ब्लॉक दहा किलोच्या आसपास असतो. ५ टक्के सिमेंट म्हणजे ब्लॉकला अर्धा किलो. गडबड होते ती इथेच. ब्लॉक कोपऱ्यात झडतात असं दिसलं की ठेकेदार सिमेंट १० टक्क्यांवर नेतो. झडायचं कारण बहुतेक वेळा पाणी कमी पडणं किंवा क्युअरिंग हेच असतं. पाडलेले ब्लॉक सावलीत प्लास्टिकखाली ठेवून चार आठवडे ओलसर राखावे लागतात. उन्हात तीन दिवस वाळवले तर सिमेंट दुप्पट घालूनही उपयोग नाही.

आणि ब्लॉक फक्त भिंतीची बचत करतो. त्याच घरात कॉलम-बीमचा सांगाडा उभा केला तर बचत दिसेनाशी होते. तळ अधिक एक मजल्यापर्यंत भारवाही भिंत ठेवा, स्लॅबच्या खालच्या अर्ध्यात मंगलोरी कौलं घालून फिलर स्लॅब करा, काँक्रीट पंधरा-वीस टक्क्यांनी कमी होतं.

गोबरगॅस

बायोगॅसवर बोलतो, कारण यात बचतीचा तोटा कसा होतो ते कुणी सांगत नाही.

१ घनमीटर बायोगॅस साधारण ०.४५ किलो एलपीजीची जागा घेतो. वाचलेला कार्बन १.३४ किलो. आता तोच घनमीटर न जळता हवेत गेला तर? ६० टक्के मिथेन, म्हणजे ०.४ किलो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापदायक. ११ किलो! म्हणजे गळती दहा-अकरा टक्क्यांवर गेली की प्लांटची सगळी बचत गिळली.

गळती कुठे होते: टाकीत टाकी बसवलेल्या मॉडेलमध्ये बाहेरची १००० लिटरची आणि आतली ७५० ची असेल, तर मधल्या फटीत स्लरी उघडी असते. तिथे उठणारे बुडबुडे सरळ आभाळात. शिवाय पाइपचे सांधे, व्हॉल्व्हचं पॅकिंग आणि टोपी (आतली उलटी, तरंगती टाकी) पूर्ण वर आल्यावर कडेने निसटणारा गॅस. शेवटचा प्रकार सगळ्यात मोठा, आणि तो होतो गावाला गेल्यावर. गॅस वापरणार नसाल तर चार दिवस आधी खाद्य बंद करा.

तपासणी सोपी आहे. रात्री सगळे व्हॉल्व्ह बंद करून टोपीवर खडूने रेघ मारा. सकाळी टोपी वर आलेली दिसली पाहिजे, कारण आत गॅस तयार होतच असतो. तिथल्या तिथे असेल किंवा खाली बसली असेल तर गळती आहे, साबणाचं पाणी घेऊन सांधे शोधा.

आंबट वास आला, ज्योत धरत नाही, सामू ६.५ च्या खाली, तर खाद्य जास्त झालंय. आठवडाभर उपास, थोडं शेण, गरज पडली तर चुन्याची निवळी. लिंबा-संत्र्याची सालं आणि कांद्याचा ढीग टाकू नका. थंडीत गॅस निम्म्यावर येतो तो दोष नाही, जंतूंना थंडी वाजते. एलपीजीच्या शेगडीचं जेट मात्र मोठं करावं लागतं, नाहीतर लोक गॅस खराब समजून सोडून देतात.

शून्य कचरा

गोबरगॅस, गणित बरोबर पण तुलना अर्धी. तोच ओला कचरा डेपोत गेला असता तर ढिगाखाली कुजून तिथेही मिथेनच झाला असता, आणि तो पकडणारं कुणी नसतं. घरचा प्लांट गळका असला तरी डेपोपेक्षा बरा. तुमचा तोटा खरा ठरतो तो चांगलं कंपोस्ट होऊ शकणारा कचरा गळक्या टाकीत घातला तर.

कंपोस्टचंही तसंच. माणशी रोज पाव किलो ओला कचरा धरा. आकारमानाने जवळजवळ तितकाच सुका पाला, भुसा किंवा कोकोपीट लागतं, कार्बन-नायट्रोजन ३० ला १ च्या आसपास. मुठीत दाबलं की पिळलेल्या स्पंजासारखं लागावं. अमोनियाचा वास म्हणजे पाला कमी, सडक्या अंड्याचा वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी. चौथ्या-पाचव्या दिवशी मध्यभागी हात घालवणार नाही इतकं गरम झालं नाही तर ढीग लहान आहे किंवा कोरडा.

‘२४ तासांत खत’ देणारं विजेचं यंत्र घेऊ नका. हीटरने कचरा भाजून कोरडा होतो, बाहेर तपकिरी भुकटी येते. वाटीत घेऊन पाणी शिंपडा आणि दोन दिवस झाकून ठेवा. वास मारायला लागली तर ते खत नव्हतंच. वर विजेचं बिल.

शून्य कचरा

प्रतिसाद दोनदा पडला, एक काढून टाकला आहे.

गोबरगॅस

तुलनेचा मुद्दा मान्य. पण मग प्रत्येकाने लिहावं, ‘कशाच्या तुलनेत’.

केव्हीए

सोलरबद्दल तीन चुका कायम दिसतात.

एक, नेट मीटरिंगचं बिल शून्य म्हणजे उत्सर्जन शून्य असं धरतात. बिलावर आयात आणि निर्यात वेगळी छापलेली असते. रात्री ग्रिडची जी वीज घेतली ती खात्यावर लिहा, दिवसा दिली ती वेगळ्या ओळीत जमा दाखवा. दोन्ही एकमेकांत जिरवून टाकले की वापर वाढलेला दिसतच नाही. आणि तो वाढतो. बिल शंभरावर आलं की दुसऱ्या वर्षी बेडरूमला एसी बसतो.

दोन, उत्पादन. आपल्याकडे १ किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट धरा, जागा साधारण १०० चौरस फूट. सरासरी ३.३ च्या खाली असेल तर कारण शोधा: टाकीची सावली (एका पॅनेलवरची सावली अख्खी ओळ खाली ओढते), धूळ, किंवा बोअरच्या जड पाण्याने धुऊन बसलेला क्षारांचा थर. धुवायचं ते पहाटे, काच गार असताना. आणि वीज गेली की साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टरही बंद पडतो, मग भर उन्हात डिझेल जनरेटर चालू. नुसत्या सौर पंपाची वेगळी लाइन काढली तरी हा प्रकार बराच कमी होतो.

तीन, एसीतला गॅस. जुन्या आर-४१०ए चा १ किलो गळला की २ टनांहून जास्त कार्बनइतका ताप. आर-३२ ला तोच आकडा ६७५ किलो. दरवर्षी ‘गॅस टॉप-अप’ होत असेल तर तो भरलेला गॅस गेला कुठे? मेकॅनिकच्या पावतीवरचे ग्रॅम वहीत लिहा. गॅस भरण्याआधी गळती झाळून घ्या.

कर्दळ

पाणी. १० हजार लिटरचा टँकर २० किलोमीटर जाऊन-येऊन फिरला, लिटरला ४ किलोमीटर, तर ५ लिटर डिझेल, साडेतेरा किलो. तेच पाणी ३० मीटर उचलायला ५० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला १.६ युनिट, म्हणजे १.२ किलो. टँकरचं पाणी अकरापट. एप्रिल-मेमधल्या टँकरच्या पावत्या हिशेबात नसतील तर तो हिशेब पावसाळ्यातला आहे.

एसटीपीचं दुखणं मुरूम यांच्या भाजकाशीच जोडलेलं आहे. प्लांट १६० माणसांसाठी, सांडपाणी ५३ जणांचं. जंतू उपाशी, त्यांना हवा पुरवणारा ब्लोअर मात्र चोवीस तास पूर्ण दमाने. पंधरा-वीस मिनिटं चालू-बंदचा टायमर लावा, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राखा. रात्रभर ब्लोअर बंद ठेवायची युक्ती करू नका, सकाळी गाळ काळा पडतो आणि वास अख्ख्या वसाहतीत फिरतो. सब-मीटर लावल्याशिवाय हे काही कळत नाही.

बेडझेडमध्येही हेच झालं. वनस्पतींवर चालणारं त्यांचं शुद्धीकरण केंद्र नेहमीच्या केंद्रापेक्षा जास्त वीज आणि पैसा खात होतं, म्हणून बंद पडलं. लाकडाच्या तुकड्यांवर वीज आणि उष्णता देणारं यंत्रही २००५ मध्ये थांबलं, लाकडाच्या वायूतला डांबरासारखा चिकटा त्याला पेलला नाही. पुढे गॅसचे बॉयलर आले. शंभर घरांसाठी एकुलतं एक प्रयोगशील यंत्र, ते बिघडलं की दुरुस्तीला माणूस नाही.

जागा असेल तर बिनविजेचं बघा: सेप्टिक टँक, पुढे कप्प्यांची अनएरोबिक टाकी, मग कर्दळ लावलेला खडीचा वाफा. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली ५ ते १० सेंटिमीटर ठेवा, वर आली की डास. टँकमधला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर तो वाफ्यात येतो आणि खडी चोंदते, मग सगळी काढून धुवावी लागते. वाडा तालुक्यात गालतरेच्या गोवर्धन इकोव्हिलेजमध्ये आयआयटी मुंबईत विकसित झालेली मातीच्या थरांची पद्धत आहे, तीही बघण्यासारखी.

तिरकस

गोशाळा राहिली. का मुद्दाम टाळताय सगळे?

गोबरगॅस

टाळत नाही, शिव्या पडतील म्हणून दबकून आहे. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडासाठी दुभत्या गाईला वर्षाला ५८ किलो मिथेन आणि बाकी जनावरांना २७ किलो धरलंय. चार दुभत्या, सहा भाकड-कालवडी: २३२ अधिक १६२, म्हणजे ३९४ किलो. गुणिले २८, अकरा टन.

शेणातून गॅस, स्लरीतून खत, वाचलेला युरिया हे सगळं जमा बाजूला मांडा, नाही म्हणत नाही. पण ५३ माणसांत वाटले तरी गाईंचे माणशी दोनशे किलो आहेत. आणि दूध बाहेरून घेतलं तर तेही कुठल्या तरी गाई-म्हशीचंच असतं. म्हणून गोशाळा ठेवा किंवा नका ठेवू, दुधाची ओळ वहीतून गाळू नका.

मुरूम

आता प्रवास, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा.

पेट्रोल गाडी लिटरला १५ धरली तर किलोमीटरला १५० ग्रॅम. वसाहतीतून रोज जाऊन-येऊन ७० किलोमीटर, वर्षाचे २५० दिवस: २.७ टन. वीकेंडवाले वर्षात ३० फेऱ्या, १२० किलोमीटरच्या, घरटी साडेपाचशे किलो. २५ घरांचे मिळून पावणेचौदा टन.

विमान इकॉनॉमीत माणशी किलोमीटरला १०० ग्रॅम धरा, उंचीवरचे बाकी परिणाम सोडून. मुंबई-न्यूयॉर्क एका दिशेने साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन अडीच टन, दोघांचे पाच. छतावरचं ३ किलोवॉटचं सोलर वर्षभरात ४,३८० युनिट देतं, वाचवतं ३.१ टन. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीची एक फेरी, आणि दीड वर्षाचं ऊन गेलं.

ओसरी

मग काय, जायचं नाही का बाळंतपणाला?

मुरूम

जा की. सहा महिने राहा, दोन फेऱ्यांची एक करा. फक्त ते पाच टन वहीत चढवा आणि ‘कार्बन न्यूट्रल’ची पाटी उतरवा.

तिरकस

वही वही चाललंय सगळ्यांचं. ठेवणार कोण?

केव्हीए

गेटवर. रजिस्टर आहेच तिथे, त्यात दोन रकाने वाढवा: आज रात्री घरात माणसं किती, आणि टँकर/डिझेल/सिलिंडर काय आत आलं. व्यक्ती-दिवस आपोआप निघतात. सब-मीटरचे आकडे दर १ तारखेला मोबाइलवर फोटो काढून, हाताने लिहू नका, ३ चे ८ होतात. विमान आणि गाडीचे किलोमीटर वर्षातून एकदा देखभाल शुल्काच्या फॉर्मसोबत, नाव न लिहिता. पहिल्या वर्षी निम्मी घरंसुद्धा भरून देणार नाहीत. ज्यांनी भरले त्यांच्या व्यक्ती-दिवसांनीच ते भागा, सगळ्यांच्या नव्हे.